जुना जर्मन टेबल रेडिओ घेताना: पहिल्या सेटपासून पहिल्या स्टेशनपर्यंत

जुना जर्मन रेडिओ घ्यायचाय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे. १९५४ ते १९६० या काळातला, लाकडी पेटीचा, यूकेडब्ल्यू म्हणजे एफएम असलेला, साधा पण अख्खा सेट घ्या. दुर्मिळ नको, १९३० च्या दशकातला नको, आणि "थोडंसंच काम आहे" असं सांगून विकला जाणाराही नको. घरी आणल्यावर जो रोज वाजेल, त्याचीच गोडी लागते. नुसता कपाटावर बसलेला सेट दोन महिन्यांत धूळ धरतो आणि मग त्याच्याकडे कुणी बघत नाही.

हा लेख मुख्यतः जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्ट या भागांत आता आपली माणसं भरपूर आहेत, आणि हे रेडिओ तिथल्या जुन्या बाजारात आजही सहज मिळतात. भारतात बसून शोधणाऱ्यांनाही निवड आणि दुरुस्तीचा भाग तसाच लागू पडेल. त्यांच्यासाठी वेगळ्या दोन-चार गोष्टी शेवटी दिल्या आहेत.

आधी थोडं कारण समजून घ्या

पन्नाशीच्या दशकातला जर्मन रेडिओ आजही वाजवता येतो, कारण त्यावर एफएम आहे. आपल्याकडच्या मर्फी, बुश किंवा फिलिप्सच्या त्या काळच्या सेटवर एफएम नसतं. भारतात एफएम प्रसारण सुरू झालं ते १९७७ मध्ये, मद्रासला. मग जर्मनीत ते इतक्या लवकर कसं आलं?

उत्तर युद्धातल्या पराभवात आहे. १९४८ मध्ये कोपनहेगनला युरोपातल्या मीडियम वेव्ह लहरींची नव्याने वाटणी झाली. हरलेल्या जर्मनीच्या वाट्याला अगदी मोजक्या लहरी आल्या, त्याही फारशा चांगल्या नव्हत्या. ही वाटणी मार्च १९५० पासून लागू होणार होती. तेवढ्या लहरींत सगळ्या देशाला रेडिओ ऐकवायचा तर दुसरा मार्ग शोधणं भाग होतं, म्हणून जर्मन प्रसारकांनी एफएमचा रस्ता धरला. २८ फेब्रुवारी १९४९ ला म्युनिकमध्ये पहिलं केंद्र सुरू झालं, आणि दुसऱ्याच दिवशी हॅनोव्हरला. पुढच्या चार-पाच वर्षांत घराघरात एफएमचा रेडिओ गेला. एफएमचा आवाज स्वच्छ, खरखर जवळजवळ नाही. त्यामुळे कंपन्यांनाही चांगले स्पीकर, चांगले ॲम्प्लिफायर द्यावे लागले. या रेडिओंचा तो भरदार आवाज असा अडचणीतून आलेला आहे, आणि मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच.

म्हणूनच मी युद्धापूर्वीचा सेट नवख्याला सुचवत नाही. १९३३ चा 'फोल्क्सएम्फेंगर' व्हीई ३०१ प्रसिद्ध आहे. त्याची किंमत ७६ राइशमार्क होती, आणि नावातला ३०१ हा आकडा हिटलर चॅन्सेलर झाला त्या ३० जानेवारीचा. १९३८ चा डीकेई ३८ त्याहून स्वस्त, ३५ मार्कांचा. नाझी राजवटीने घराघरात प्रचार पोचवण्यासाठी हे सेट काढले, हे माहीत असूनच ते संग्रहात ठेवावेत. काही सेटवर स्वस्तिक-गरुडाचा शिक्का असतो आणि जर्मनीत तो जाहीरपणे दाखवायला कायद्याने बंदी आहे, म्हणून जाहिरातीत त्यावर पट्टी चिकटवलेली दिसते. पण मुख्य अडचण वेगळीच आहे. या सेटवर एफएम नाही, आणि जर्मनीच्या स्वतःच्या मीडियम वेव्हवर आता काही उरलेलं नाही. डॉइचलांडफुंकने लाँग वेव्ह २०१४ च्या अखेरीस बंद केली, मीडियम वेव्ह २०१५ च्या अखेरीस. रात्री दूरदेशीची थोडी स्टेशनं येतात, तेवढंच.

पायरी १: नावं ओळखायला शिका

जाहिरातीत तीच ती नावं पुन्हा पुन्हा येतात. ती कळली की निम्मं काम झालं.

ग्रुंडिग हे फ्युर्टचं, माक्स ग्रुंडिगचं. युद्धानंतर लगेच, १९४६ मध्ये, त्याने 'हाइन्झेलमान' नावाचा व्हॉल्व्हशिवायचा (व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या), स्वतः जोडायचा संच विकायला काढला, आणि तिथून पुढे ती कंपनी प्रचंड वाढली. ग्रुंडिगचे सेट नावाने कमी, आकड्यांनी जास्त ओळखले जातात. बाजारात ते सर्वांत जास्त दिसतात, सुटे भाग आणि सर्किटचे नकाशेही त्यांचेच जास्त मिळतात. नवख्यासाठी ग्रुंडिग उत्तम.

साबा ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगनची. सेटना नावं त्याच भागातली आणि आसपासची: फ्रायबुर्ग, मेअर्सबुर्ग, लिंडाऊ, फ्रॉइडनश्टाट. सुतारकाम आणि आवाज दोन्हींत साबाला तोड नाही, असं माझं मत. त्यांचा 'फ्रायबुर्ग ऑटोमॅटिक' मोटरने आपोआप स्टेशन धरतो. बघायला अफाट, पण पहिला सेट म्हणून अजिबात घेऊ नका. त्या मोटरचं आणि तिला हुकूम देणाऱ्या सर्किटचं काम अनुभवी माणसालाही घाम फोडतं.

नॉर्डमेंडे ब्रेमेनची, सेटना ऑपेरांची नावं: टानहॉयझर, फिडेलिओ, ओथेल्लो, कारमेन. टेलेफुंकन ही १९०३ पासूनची जुनी कंपनी. तिचा 'ओपस' मोठा आणि महागडा, तर 'युबिलाटे' आणि 'गाव्होट' लहान, आटोपशीर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने युबिलाटे जरूर बघावा. लोव्हं ओप्टा, ग्रेट्स, ब्लाउपुंक्ट, शाउब-लोरेन्झ, मेट्झ, सीमेन्स हेही सगळे भरवशाचे. पूर्व जर्मनीचे सेट, म्हणजे आरएफटी आणि श्टेर्न-राडिओ, स्वस्त मिळतात. त्यांची बांधणी साधी असते, पण आवाज पुष्कळदा छान.

ब्राउन हा प्रकार वेगळा. १९५५ चा एसके १ किंवा १९५६ चा डीटर राम्स आणि हान्स गुगेलोट यांचा एसके ४ हे डिझाइनच्या इतिहासातले तुकडे आहेत, आणि किंमतही तशीच लागते. ते नंतर.

पायरी २: कुठे बघायचं, काय म्हणायचं

सर्वांत जास्त माल क्लाइनआन्त्साइगन या छोट्या जाहिरातींच्या वेबसाइटवर असतो. त्याखालोखाल रविवारचा फ्लोमार्क्ट, म्हणजे जुना बाजार, आणि म्हाताऱ्या माणसाचं घर रिकामं करताना होणारी विक्री, तिला हाउसहाल्ट्सआउफ्लोजुंग म्हणतात. साधा, दुरुस्त न केलेला सेट साधारण ३० ते ८० युरोत मिळतो. कधी 'त्सू फरशेंकन', म्हणजे फुकटही. त्याहून बरंच जास्त मागितलं तर सेट कुणी, कसा दुरुस्त केला ते विचारा.

जाहिरातीतले तीन शब्द ओळखून ठेवा. 'उनगेप्र्युफ्ट' म्हणजे तपासलेला नाही. 'फ्युअर बास्ट्लर' म्हणजे चालत नाही, हौशी माणसाने खटपट करावी. 'डाखबोडेनफुंड' म्हणजे माळ्यावर सापडलेला. या तिसऱ्या प्रकाराचा सेट कोरडा ठेवलेला असेल तर मला तो सर्वांत आवडतो, कारण त्यात कुणी अर्धवट हात घातलेला नसतो.

भेट ठरवताना विक्रेत्याला एक वाक्य आवर्जून कळवा: "बिटं निश्त आइनश्टेकन", कृपया प्लग लावू नका. पुष्कळ विक्रेते गिऱ्हाइकाला खूश करायला वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट लावून दाखवतात. दोन मिनिटं तो छान वाजतो. त्याच दोन मिनिटांत आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. का, ते पुढे येईलच.

आणि शक्यतो स्वतः जाऊन आणा. हे सेट १० ते १५ किलोंचे असतात, मोठे त्याहून जड. कुरिअरने पाठवलेला सेट फुटून येणं इतकं नेहमीचं आहे की मी तो धोका घ्या म्हणून कुणालाच सांगणार नाही.

पायरी ३: सेटसमोर उभं राहिल्यावर

घाई करू नका. पाच-दहा मिनिटं नीट बघा, विक्रेता काही म्हणणार नाही.

पहिली डायलची काच. तडा गेला असेल तर सोडून द्या. ही काच नवी मिळत नाही, दुसऱ्या मोडक्या सेटमधूनच काढावी लागते. काचेवर हिल्फरसुम, बेरोम्युन्स्टर, लक्झेंबर्ग अशी शहरांची नावं असतात. ती मागच्या बाजूने छापलेली असतात, आणि साठ-सत्तर वर्षांनंतर त्या रंगाला काचेवर धड पकड उरलेली नसते. घरी आणल्यावर समोरची बाजू ओल्या फडक्याने खुशाल पुसा, पण छापील बाजूला मऊ कोरड्या ब्रशपलीकडे काही लावू नका. ओलं बोट फिरवलं तरी अख्खं 'वियेना' फडक्यावर येतं.

मग स्टेशनचा नॉब फिरवा. काटा सरकतोय का? नॉब फिरतो पण काटा जागचा हलत नाही, म्हणजे आतली दोरी तुटली आहे. दोरी बदलता येते, फक्त चिकाटी लागते. बऱ्याच सेटमध्ये एफएमची आणि मीडियम वेव्हची दोरी वेगळी असते, तेव्हा बटणं बदलून दोन्ही बघा.

खालची बटणं हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी पांढरी, ओळीने असतात. एकेक दाबा. प्रत्येक बटण खाली बसायला हवं आणि दुसरं दाबल्यावर वर यायला हवं. 'आउस' म्हणजे बंद. 'एलडब्ल्यू', 'एमडब्ल्यू', 'केडब्ल्यू' म्हणजे लाँग, मीडियम आणि शॉर्ट वेव्ह. 'यूकेडब्ल्यू' हे आपल्या कामाचं. 'टीए' म्हणजे बाहेरून रेकॉर्डप्लेअर जोडायची सोय, ते पुढे फार उपयोगी पडणार आहे. काही सेटवर 'ओर्केस्टर', 'श्प्राखं', 'जॅझ', 'बास' अशी स्वराची बटणंही असतात. 'श्प्राखं' दाबलं की बास कमी होऊन बातम्यांतला शब्द न शब्द स्पष्ट येतो. एखादं बटण तुटलेलं असेल तर किंमत उतरवून मागा.

मागची पुठ्ठ्याची पाठ आहे का बघा. तिच्यावर मॉडेलचं नाव, व्हॉल्व्हची यादी आणि व्होल्टेज छापलेलं असतं. पाठ गेलेली असेल तर सेटची ओळखच कठीण होते, आणि आतल्या धोकादायक भागांना आडोसाही राहत नाही. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली ताजी भुकटी पडलेली असेल तर किडे आत जिवंत आहेत. असा सेट घरी नेऊ नका, बाकीचं फर्निचरही जाईल.

'३डी' लिहिलेलं असेल तर बाजूंनाही लहान स्पीकर आहेत, आवाज खोलीभर पसरतो. १९५४ च्या सुमारास ही पद्धत आली. ते स्टिरिओ नव्हे. एफएमवर स्टिरिओ जर्मनीत १९६३ मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या सेटवर 'स्टिरिओ' लिहिलं असलं तर ते रेकॉर्ड वाजवण्यापुरतं.

शेवटी व्हॉल्व्हची यादी वाचा, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. नावं ई अक्षराने सुरू होत असतील, म्हणजे ईसीसी८५, ईसीएच८१, ईएफ८९, ईएबीसी८०, ईएल८४ अशी, तर सेट सहसा ट्रान्सफॉर्मरवर चालणारा. यू ने सुरू होत असतील, यूसीएच८१, यूएल८४ वगैरे, तर तो 'आलश्ट्रोम', म्हणजे ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारा सेट. त्यात मेन्सचा, म्हणजे भिंतीतल्या विजेचा, करंट थेट चासीवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, असू शकतो, आणि एखाद्या नॉबचा स्क्रू उघडा पडला तरी झटका बसू शकतो. लहान आणि गोंडस फिलिप्स 'फिलेटा' पुष्कळदा या प्रकारचे असतात. शिवाय काही स्वस्त सेटमध्ये ई चे व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही असतात, पण त्या ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग मेन्सपासून वेगळं केलेलं नसतं. खात्री नकाशा बघूनच करावी. पहिला सेट आलश्ट्रोम नसावा, यावर मी ठाम आहे.

पायरी ४: घरी आणला, पण प्लग लावू नका

सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. बहुतेकांना वाटतं की व्हॉल्व्ह जुने झाले असतील, तेच बदलायचे. खरं तर व्हॉल्व्ह बहुधा ठीक असतात. बिघडतात ते कपॅसिटर.

त्या काळचे कागदी कपॅसिटर मेण किंवा डांबर भरून बंद केलेले असत. आवरणाला चिरा पडतात, ओल आत जाते, आणि मग जिथून फक्त आवाजाचा सिग्नल जायला हवा तिथून डीसी व्होल्टेजही गळायला लागतं. सगळ्यात घातक गळती स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे ईएल८४ च्या ग्रिडवर (सिग्नल आत येतो त्या टोकावर) बसवलेल्या कपॅसिटरची. हा साधारण १० ते २२ नॅनोफॅरडचा असतो. तो गळला की ग्रिडवर प्लस व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर किंवा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर जळतो. दहा रुपयांचा भाग बदलला नाही म्हणून अख्खा सेट जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मॉडेलचं नाव घेऊन सर्किटचा नकाशा मिळवा. राडिओम्युझेउम हा इंटरनेटवरचा मोठा संग्रह आहे, त्यात बहुतेक जर्मन सेटची माहिती सापडते. जीएफजीएफ ही १९७८ पासूनची जर्मन रेडिओ-इतिहासप्रेमींची संस्था 'फुंकगेशिश्टं' नावाचं नियतकालिकही काढते. जर्मन वाचता येत असेल तर सभासद व्हा.

फोटो काढा, भरपूर काढा. मग चासी बाहेर काढून ग्रिडचा तो कपॅसिटर बदला, आणि त्यानंतर बाकीचे कागदी कपॅसिटर एकेक करून. नवे घ्यायचे ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे, ६३० व्होल्टचे. आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटवर असलेला मात्र किमान १००० व्होल्टचा घ्या. मेन्सच्या तारांवर बसवलेला कपॅसिटर त्यासाठीच बनवलेल्या, एक्स२ किंवा वाय२ वर्गाचाच हवा. सिरॅमिक, मायका आणि पारदर्शक स्टायरोफ्लेक्सचे कपॅसिटर सहसा चांगले असतात, त्यांना हात लावू नका. उगाच बदलले तर एफएमचं ट्यूनिंग सरकतं.

फ्यूज उघडून बघा. त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली सापडणं अजिबात दुर्मिळ नाही. नकाशात लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला. वायर कडक झाली असेल, चिरली असेल तर तीही बदला.

रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागाच्या, जागी काही सेटमध्ये व्हॉल्व्ह असतो, काहींत चासीला स्क्रूने बसवलेली चपटी धातूची पेटी, बी२५०सी७५ अशा नावाची. ती सेलेनियमची. ती जळली तर घाणेरडा आणि विषारी धूर सोडते. वास आला की लगेच सेट बंद करा, खिडक्या उघडा. तिच्या जागी सिलिकॉन ब्रिज बसवता येतो, पण मग व्होल्टेज वाढतं, म्हणून मालिकेत योग्य रेझिस्टर घालावा लागतो.

इथे स्पष्ट सांगतो. आत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात, आणि सेट बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात. हात घालण्याआधी रेझिस्टर लावून ते उतरवा आणि मीटरने खात्री करा. चालू सेटमध्ये मोजताना एक हात खिशात. सोल्डरिंग आणि मल्टिमीटर यांची सवय नसेल तर हे काम जाणत्याकडून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. बऱ्याच जर्मन शहरांत 'रिपेअर कॅफे' भरतात. तिथे निवृत्त रेडिओ मेकॅनिक भेटले तर त्यांच्या शेजारी बसून बघा. चार पुस्तकांत मिळणार नाही एवढं एका संध्याकाळी शिकायला मिळतं.

पायरी ५: पहिल्यांदा सुरू करणं

सेटच्या वाटेत ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा मालिकेत जोडा. आपले वायरमन ज्याला सिरीज लॅम्प म्हणतात, तोच. आत शॉर्ट असेल तर दिवा भक्कन पेटेल आणि सेट वाचेल. सगळं ठीक असेल तर दिवा सुरुवातीला उजळून मग मंद होईल. डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, हाताशी असेल तर व्होल्टेज हळूहळू चढवा. स्पीकर काढून सेट कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ते सोसत नाही.

अर्ध्या मिनिटाने व्हॉल्व्ह तापतील. ईएल८४ च्या दोन नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मीटर लावा. शून्य किंवा थोडं मायनस असलं पाहिजे. प्लस दिसलं तर लगेच बंद करा.

व्होल्टेजचं एक बघून घ्या. मागे ११०, १२५, २२० असं निवडायचं बटण किंवा फ्यूजची जागा असते. त्या वेळी मेन्स २२० होतं, आज २३० आहे. २४० ची सोय असेल तर तीच वापरा.

मग यूकेडब्ल्यूचं बटण दाबा आणि नॉब हळूहळू फिरवा. आता तो हिरवा दिवा बघा, ज्याला मॅजिक आय म्हणतात. ईएम८० मध्ये हिरवा पंखा उघडतो-मिटतो, ईएम८४ मध्ये दोन हिरवे पट्टे एकमेकांकडे सरकतात. स्टेशन जवळ आलं की पट्टे जवळ येतात, नेमकं लागलं की सगळ्यात जास्त जवळ. थोडं पुढे गेलात की पुन्हा फाकतात. कान आणि डोळा दोन्ही वापरून स्टेशन लावण्यात जी मजा आहे ती मोबाइलवर नाही. हा दिवा बहुतेक जुन्या सेटमध्ये अंधुक झालेला असतो. नवा महाग पडतो, म्हणून फक्त अंधारात दिसत असला तरी घाई करू नका. ईएम८० च्या जागी बरेच जण रशियन ६ई१पी वापरतात.

खरखर येत असेल तर बहुधा आवाजाचा नॉब आणि बटणांचे कॉन्टॅक्ट मळलेले असतात. कॉन्टॅक्ट साफ करायचे काही स्प्रे तिखट असतात, आणि मागाहून धुऊन काढले नाहीत तर चांदीचे कॉन्टॅक्ट खातात. थोडं आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि बटण वीस-तीस वेळा खालीवर, एवढ्यानेच पुष्कळ वेळा काम होतं. ते अल्कोहोल पेटीच्या लाकडाला मात्र लागू देऊ नका, जुनं पॉलिश उतरतं.

अँटेना आणि मोबाइल

एफएमसाठी पेटीच्या आत सहसा अँटेना बसवलेली असते, तिचा प्लग मागच्या डायपोलच्या, म्हणजे एफएम अँटेनाच्या, भोकांत लावलेला आहे ना ते बघा. कमी पडली तर साध्या दोन तारा घ्या, प्रत्येकी ७५ सेंटिमीटर, आणि त्या कपाटामागे आडव्या ताणून बसवा.

डायल कुठे संपतो तेही बघा. पन्नाशीतल्या पुष्कळ सेटचा एफएम पट्टा १०० मेगाहर्ट्झपर्यंतच जातो, नंतरच्यांचा १०४ पर्यंत. आजची त्यापुढची स्टेशनं लागत नाहीत. स्वित्झर्लंडच्या सरकारी प्रसारकाने तर २०२४ च्या अखेरीस एफएम बंदच केलं. म्हणून टीएच्या भोकांची सवय करून घ्या. ब्लूटूथ रिसीव्हरचे डावा आणि उजवा असे दोन आवाज प्रत्येकी साधारण ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करून तिथे द्या आणि टीएचं बटण दाबा. भीमसेनजींचा खर्जातला 'सा' या रेडिओच्या मोठ्या कागदी स्पीकरवर ज्या गोलाईने येतो तो एकदा ऐकाच. आलश्ट्रोम सेटला मात्र मोबाइल किंवा रिसीव्हर कधीही जोडू नका. चासीवरचा करंट थेट तुमच्या हातात येईल.

भारतात आणायचा असेल तर

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जर्मन सेट अधूनमधून दिसतात. त्यातले निर्यातीसाठी बनवलेले सेट शॉर्ट वेव्हचे जास्त पट्टे देतात, आणि पुष्कळांवर एफएम नसतं. घेण्याआधी डायलवर यूकेडब्ल्यू किंवा एफएम लिहिलंय का बघा. मुंबईत ९१.१, ९२.७, ९३.५ आणि ९८.३ ही स्टेशनं जुन्या डायलवरही लागतात. आकाशवाणीचं १००.७ वालं एफएम गोल्ड १०४ पर्यंतच्या सेटवर मिळेल, १०७.१ चं रेनबो मात्र नाही. कपॅसिटर पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. "सहाशेतीस व्होल्टचा पीपी द्या" म्हटलं की दुकानदाराला कळतं.

जर्मनीहून आणताना युबिलाटेच्या आकाराचा सेटच निवडा. केबिन बॅगेत एवढं वजन चालत नाही, सामानात टाकावा लागतो. व्हॉल्व्ह काढून एकेक कागदात गुंडाळा, प्रत्येकावर नाव आणि कोणत्या जागेतला ते लिहा. नॉब काढून ठेवा, दांडे वाकत नाहीत. डायलच्या काचेसमोर पुठ्ठा, भोवती चारही बाजूंनी किमान चार बोटं जाडीचा फोम, आणि मग खोका. घरी पोचल्यावर सेट दोन दिवस तसाच राहू द्या. भिंतीतलं व्होल्टेज मोजा. आपल्याकडे ते पुष्कळदा २४० च्या वर जातं, तेव्हा २२० च्या जागेवर ठेवलेला सेट थेट लावू नका, मध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. ई च्या व्हॉल्व्हच्या फिलामेंटवर, म्हणजे त्यांना तापवणाऱ्या तारेवर, ६.३ व्होल्ट मिळाले की मग निवांत स्टेशन शोधा.